उंदीर पेपर वाचत नाही

आमचा पेपर माझ्या आधी कोणीतरी वाचतं, हे मला घडीवरून कळलं. पेपरवाला पेपर टाकतो तेव्हा त्याची घडी कशी इस्त्रीच्या शर्टासारखी असते. माझ्या हातात यायची ती घडी नीट होती, पण घालणाऱ्याला घाई झाल्याचं दिसायचं. खेळाचं पान अग्रलेखाच्या पोटात गेलेलं असायचं. एकदा पहिल्या पानावर कपाचा गोल ठसा होता. आमच्या घरातले सगळे कप मी त्यावर ठेवून पाहिले, एकही बसला नाही. आणि शब्दकोड्याच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहून खोडरबराने पुसल्याच्या खुणा होत्या, त्या उजेडाकडे धरल्या की दिसत.

"वाचला तर वाचला," बायको म्हणाली. "अक्षरं झिजतात का?"

झिजत नाहीत, मान्य. पण ज्याने लहानपणी थोरल्या भावाचे कपडे घातले, थोरल्या भावाची पुस्तकं वापरली आणि नोकरीत ज्याच्या हाताखाली शिकलेले लोक त्याच्या आधी साहेब झाले, त्याला दिवसातून निदान एक गोष्ट कोरी मिळावी की नाही? माझ्या आधी कोणीतरी, हे माझ्या आयुष्याचं ब्रीदवाक्य होऊ पाहत होतं. ते पेपरपाशी थांबावं एवढीच माझी इच्छा होती.

संशय घ्यायला फार लांब जायची गरज नव्हती. आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, दुसरं सरांचं. सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ. मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला साहेब म्हणतात, त्यात थट्टा असावी असा माझा जुना वहीम आहे. रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळतो. सर पेपर घेत नाहीत, तरी त्यांना जगातली प्रत्येक बातमी ठाऊक असते.

"रेडिओवर लागतात की बातम्या," बायको म्हणाली.

"शब्दकोड्याची उत्तरं रेडिओवर लागत नाहीत," मी म्हणालो. कारण आदल्याच दिवशी माझा हत्ती मारताना सर सहज बोलून गेले होते, "उभा सातवा शब्द 'गलबत' असणार बघा." मी त्यांना उभा सातवा शब्द विचारला नव्हता.

पुरावा हवा होता, म्हणून मी साधन बनवलं. सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली आणि दाराबाहेर टांगली. पेपर आत, आणि पेटीच्या तोंडाशी वरच्या बाजूला शिक्क्याच्या शाईत भिजवलेली स्पंजची गादी. हात घातला की बोटं निळी. शाई अशी की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. मालकासाठी वेगळी वाट ठेवली होती: पेटीच्या तळाची फळी थोडी मागे सरकवली की पेपर अलगद खाली हातात पडतो. ही वाट फक्त मला ठाऊक होती. सुतारालाही मी फळी हलती का हवी ते सांगितलं नाही. "लाकूड फुगतं म्हणून," असं मोघम सांगितलं.

पहिल्या सकाळी निळी झाली ती माझीच बोटं. झोपेत होतो. दुसऱ्या दिवशी बायकोची.

"काढतात तरी कसा हा पेपर?" ती हात धूत म्हणाली.

"परक्या माणसाने हात घातला तर शाई लागते," मी समजावलं.

"मी परकी का?"

या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. तरीही तळाच्या फळीबद्दल मी तिला सांगितलं नाही, कारण ती वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगणार, आणि काकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. त्यानंतर पेपरवाल्याचा पंजा निळा झाला, आणि तो घेऊन त्याने अख्ख्या इमारतीत पेपर वाटले. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले आणि "कुठे आहे ती पेटी?" म्हणत त्यांनीही हात घातला. आठवड्याभरात निम्मी इमारत निळी झाली. फक्त सरांची बोटं स्वच्छ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "एवढी स्वच्छ बोटं निर्दोष माणसाची असूच शकत नाहीत."

तिने कपाळाला हात लावला. कपाळ निळं झालं.

याच सुमारास काकू जिन्यात थांबून म्हणाल्या, "भारी आहे हो तुमचं डोकं. पेटंट घ्या, नाहीतर कोणीतरी ढापेल." ढापेल या शब्दाने माझी झोप उडाली. सर अलीकडे पेटीसमोर थांबून तिच्याकडे निरखून पाहत असत. नुसता पेपर नेऊन त्यांचं भागणार नव्हतं, आता त्यांना पेटीही हवी होती. मी ताबडतोब पेटंटची कामं करणारी एजंट गाठली. ती बायकोच्या मावसबहिणीची मुलगी, हुशार, आणि मला काका म्हणणारी. नात्यातली असल्यामुळे मी तिच्यावर जरा जास्तच लक्ष ठेवून होतो.

तिने मला समजावलं की अर्जात साधनाचं वर्णन असतं, चित्र असतं, पण खरा जीव दाव्यात. दावा म्हणजे एकच वाक्य: माझं म्हणून जे आहे, त्याचं कुंपण. त्या कुंपणाच्या आत कोणी आला तर त्याला धरायचं. आणि कुंपणाच्या आत आपल्या आधीचं कोणाचं काही असेल तर कुंपणच रद्द. तिने छान वाक्य लिहिलं होतं. दारावरची लाकडी पेटी, वर्तमानपत्र, शाईची गादी, सरकती फळी, सगळं त्यात होतं.

मी लाल पेन घेतलं. "दारावरची कशाला? सरांनी खिडकीवर टांगली तर?" दार खोडलं. "लाकडी का? ते पत्र्याची करतील." लाकूड गेलं. पेटीच्या जागी "पोकळ जागा" आली, कारण ते पिशवी शिवतील. वर्तमानपत्राच्या जागी "कोणतीही वस्तू", कारण ते मासिक ठेवतील. शाईची "खूण" झाली. बोटाचा "शरीराचा कोणताही भाग" झाला, कारण भूगोलाचा माणूस कोपराने पेपर काढणार नाही याची हमी कोण देणार? "परक्या माणसाने" हे शब्द बायकोने खोडायला लावले, तिथे "मालकाखेरीज कोणीही" आलं. आणि सरकत्या फळीवर तर मी दोन रेघा मारल्या.

"काका, फळी राहू द्या," ती म्हणाली. "तेवढंच तर नवं आहे."

"अर्ज छापला जातो ना? लोक वाचतात ना?"

"हो, कोणालाही वाचता येतो."

"मग सरांनाही वाचता येतो." वर्णनात मी फक्त "मालकास ज्ञात अशा रीतीने" एवढं लिहू दिलं. चित्रात तिने फळी काढलीच, पण तिच्यावर काही लिहिलं नाही, या तडजोडीवर आम्ही थांबलो.

शेवटी दावा असा झाला: कोणतीही पोकळ जागा, जिच्यात कोणतीही वस्तू ठेवलेली असून मालकाखेरीज कोणीही शरीराचा कोणताही भाग घातल्यास त्यावर खूण राहते.

"यात अख्खं जग मावेल," ती म्हणाली.

"मावू दे. सर मावले पाहिजेत."

तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. कारण काय, तर हे सगळं आधीच लागलेले शोध आहेत. त्याने शिक्क्याची शाईची डबी दाखवली होती. जॅमची बरणी दाखवली होती. आणि सर्वांत वर, चित्रासकट, उंदराचा सापळा. पोकळ जागा आहे, आत वस्तू ठेवलेली आहे, मालकाखेरीज कोणीही तोंड घातलं की मानेवर खूण राहते. डोंगर पोखरून उंदीर काढणं ही म्हण मी पुष्कळदा वापरली होती, पण माझ्या डोंगरातून सरकारने खरोखरच उंदीर काढला.

हा अपमान गिळणं शक्य नव्हतं. मी अपील केलं.

नमुना म्हणून पेटी न्यायची होती, आणि ती दारावरून काढताना स्टुलावरून उतरण्याच्या प्रयत्नात माझी कंबर धरली. आवाज ऐकून सर बाहेर आले. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. "पेटी मी धरतो." मला नकोच म्हणायचं होतं. पण मी तिकडे आणि सर इकडे माझ्या दारापाशी, यापेक्षा ते डोळ्यांसमोर असलेले बरे. बसमध्ये ते पेटी मांडीवर घेऊन बसले. अंगठा तळाच्या फळीवर होता. मी वाटभर त्या अंगठ्याकडे पाहत होतो, त्यामुळे आमचा थांबा मागे राहिला.

अपिलाची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, मधेच अडखळणारा पंखा. टेबलामागे दोघं: अध्यक्षबाई, आणि शेजारी एक तंत्रज्ञ सदस्य, ज्यांना कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय राहवत नसावं. त्यांनी आल्या आल्या टेबलावरची टाचण्यांची डबी उघडून पाहिली. मागच्या खुर्चीवर सर बसले.

एजंट उभी राहिली. दावा वर्णनाच्या आधाराने वाचावा, असं काहीसं ती फार चांगलं बोलत होती. पण मला धीर धरवला नाही.

"बाई," मी उठून म्हणालो, "उंदीर पेपर वाचत नाही."

"दाव्यात पेपर कुठे आहे?" तंत्रज्ञांनी विचारलं.

"आधी होता. मी खोडला."

"मग आम्ही तो का वाचावा?"

"बरं, पण 'कोणीही' म्हणजे माणूसच ना? सापळ्यात माणूस जात नाही."

"मग 'कोणीही माणूस' असं का लिहिलं नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

याचं खरं उत्तर असं होतं, की सरांनी एखादं माकड पाळून त्याच्याकडून पेपर काढून घेतला तर? मी हे उत्तर मनात ठेवायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण करायची माझी सवय जुनी आहे. खोलीत हशा पिकला. मागे वळून पाहिलं, तर सरही हसत होते. मला ते हसू जरा सुटका झाल्यासारखं वाटलं.

अध्यक्षबाईंनी हसू आवरलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "शेजाऱ्याला पकडताना तुमच्या शब्दांचं जाळं एवढं मोठं, आणि जुने शोध आडवे आले की तेच जाळं मुठीएवढं, असं नाही चालत. शब्द दोन्ही वेळेला सारखेच वाचायचे. यात तुमचा शेजारी येत असेल तर उंदीरही येतो."

सर आणि उंदीर एका कुंपणात आलेले पाहून मला क्षणभर बरंही वाटलं, पण ते टिकलं नाही, कारण तेवढ्यात तंत्रज्ञांनी पेटीत हात घातला. त्याच सकाळी मी गादी नव्याने भिजवली होती आणि आत त्या दिवशीचा पेपर ठेवला होता. त्यांनी निळ्या बोटांनी चष्मा सारखा केला, फाईल उघडली आणि नाक खाजवलं, या क्रमाने.

"साधन चालतं, एवढं नोंदवून घेऊ," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग त्यांनी दाव्यावर बोट ठेवलं. "'मालकाखेरीज' असं लिहिलंय. या पेटीला मालक कोण ते कळतं कसं?"

"मालकाने हात घातला तर?" तंत्रज्ञ नाक पुसत म्हणाले.

"त्यालाही लागते," मी म्हणालो.

"आणि मालक कोण?"

"घर माझ्या बायकोच्या नावावर आहे," मी प्रामाणिकपणे म्हणालो. एजंटने डोळे मिटून घेतले.

"मग मालक आपला पेपर स्वच्छ हाताने काढतो कसा?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "वर्णनातले 'मालकास ज्ञात अशा रीतीने' एवढेच शब्द मला वेगळे दिसतात. त्यांना काही अर्थ असेल तर सांगा, नाहीतर आम्ही अपील निकालात काढतो."

एजंट माझ्या कानाशी आली. "काका, आता सांगा. चित्रात फळी आहे, दाव्यात घालायची परवानगी मागते. दुसरं काही नाही आपल्याकडे."

मी उभा राहिलो. "बाई, बंद पाकिटात लिहून दिलं तर चालेल?"

"नाही. तुम्ही लोकांना युक्ती सांगता, त्याच्या बदल्यात सरकार तुम्हाला हक्क देतं. युक्ती लपवायची असेल तर घरी लपवा की. त्यासाठी पेटंट कशाला?"

इतक्या दिवसांत मला हे कोणी इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी त्यातही काही डाव शोधत बसलो होतो. सांगितलं तर पेटंट माझं, पण वाट सरांना कळणार आणि पेटी घरी नेऊन चुलीत घालायची. नाही सांगितलं तर उंदीर जिंकला. आयुष्यभर माझ्या आधी भाऊ होता, मग हाताखालचे होते, आता उंदीर. मला त्या खोलीत रडू येईल की काय असं वाटलं.

तेव्हा मागून सर म्हणाले, "सांगा साहेब, बिनधास्त सांगा. मी कान झाकतो." आणि त्यांनी खरोखर दोन्ही हातांनी कान झाकले. ती बोटं पुन्हा तशीच, लख्ख स्वच्छ.

कान झाकलेल्या माणसालाही ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. तरीही मी बोललो. "तळाची फळी," मी म्हणालो, "मागे सरकवायची. पेपर खाली पडतो."

तंत्रज्ञांनी फळी सरकवली. पेपर त्यांच्या मांडीवर पडला, एकही डाग नाही. त्यांनी ते पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा, आणि लहान मुलासारखे खूश झाले. "सापळ्यात ही सोय नाही," ते म्हणाले. "बरणीतही नाही." मग दोघांनी कुजबुज केली, आणि मी खोडलेला एकेक शब्द अध्यक्षबाईंनी परत घातला. दार आलं, लाकूड आलं, पेटी आली, पेपर आला, शाई आली, आणि शेवटी सरकती फळी. एजंटने पहिल्या दिवशी लिहिलं होतं, अगदी तेच वाक्य. एवढ्या अटींवर, त्या म्हणाल्या, तुमच्या आधी कोणी नाही.

तुमच्या आधी कोणी नाही! हे वाक्य मला फ्रेम करून लावायचं होतं. बायकोने मान्य केलं, फक्त पेटीशेजारी नको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी दारामागे उभा राहू लागलो. आता वाट उघडी झाली होती, सर येणार आणि मी त्यांना रंगेहाथ, म्हणजे बिनरंगाच्या हाताने, पकडणार. पण पेपर तसाच. घडी कडक, खेळाचं पान जागच्या जागी, शब्दकोडं कोरं करकरीत. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडा गेला. मी रोज कोरा पेपर घेऊन खुर्चीत बसायचो आणि मला त्यात काहीतरी काळंबेरं वाटायचं. संध्याकाळी बुद्धिबळ खेळताना सरांना एक बातमी ठाऊक नसायची. "असं का? कधी झालं?" एवढंच. ते दोन डाव हरलेसुद्धा. मला जिंकण्याची सवय नाही, जेवण गेलं नाही.

शेवटी मी विचारलंच. "सर, तुम्ही हल्ली पेपर वाचत नाही?"

"कसा वाचणार?" ते पटावरून नजर न काढता म्हणाले. "तुमचं पेटंट आहे. फळी सरकवली की तुमच्या हक्कावर अतिक्रमण."

मी प्यादं खाली ठेवलं. "म्हणजे आधी सरकवत होतात?"

"पेटी लागली त्याच आठवड्यात. फळी थोडी सैल दिसली. साहेब, भूगोल शिकवलाय आयुष्यभर. पायाखालची जमीन सरकली की कळतं."

"म्हणजे अर्ज द्यायच्या आधीपासून?" माझा आवाज चढला. "आणि तिथे बसलात गप्प? कान झाकून? तुम्ही तोंड उघडलं असतं, की ही वाट मला केव्हाची ठाऊक आहे, तर बाईंनी..."

"तर तुमच्या आधी कोणीतरी होतं, असं झालं असतं," सर म्हणाले. "तेवढं नको म्हटलं. खेळा, तुमची खेळी आहे."

मी कोणती खेळी केली ते मला आठवत नाही. हरलो एवढं खरं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? एकटा माणूस आहे. तुमचा पेपर वाचला की संध्याकाळी तुमच्याशी बोलायला काहीतरी असतं त्यांच्याकडे." हे तिला किती दिवसांपासून कळलं होतं, ते मी विचारलं नाही. तिथेही मी दुसराच निघालो असतो.

सकाळी मी फळी सरकवली. पेपर हातात पडला. तो न उघडता मी समोरची बेल वाजवली. सर दार उघडून चष्मा शोधत उभे राहिले.

"आधी तुम्ही वाचा," मी म्हणालो. "मालकाची परवानगी आहे." जन्मात पहिल्यांदा हे शब्द माझ्या तोंडून निघाले.

सरांनी पेपर घेतला आणि छातीशी धरला.

"फक्त शब्दकोडं कोरं राहू दे," मी म्हणालो.

"छे छे, त्याला कोण हात लावतंय," सर म्हणाले, आणि दार लोटलं.

मी लगेच घरात गेलो नाही. कंबर अजून दुखत होती, म्हणून जरा त्यांच्या दाराला टेकून उभा राहिलो. कान दाराजवळ होता हा योगायोग. आत पानं उलटल्याचा आवाज आला, एक, दोन, मग पुष्कळ. मग जरा शांतता. आणि मग पेन्सिलीला टोक काढल्याचा.